तोंडी बोलावणं

बाबांचा हात मोडला तो मिठापायी नाही, दिव्यापायी. स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून ते स्टुलावर चढले, स्टूल एका अंगाला कललं आणि बाबा उजव्या हातावर आले. जन्मभर डोक्यावर ओल्या मिठाची टोपली घेऊन निसरड्या बांधांवरून धावलेला माणूस, आणि पडला कुठं तर ओट्यापुढं!

"पडायचंच होतं तर हंगाम संपल्यावर पडायचं," आई म्हणाली.

"पुढच्या वेळी तुला विचारून पडेन," बाबा म्हणाले.

या दोघांचं बोलणं असंच असतं. पण त्या दिवशी आईच्या बोलण्यात नेहमीची गंमत नव्हती. आमच्या वाफ्यांमध्ये शेवटचं मीठ धरलं होतं आणि शेवटचं मीठ नेहमी सगळ्यात जाड असतं. उन्हानं पाणी उडून जातं, खाली पांढरी पापडी बसते, ती दाताळ्यानं फोडून बांधाशी ओढायची, निथळू द्यायची, मग टोपल्यांनी उंचवट्यावरच्या राशीवर नेऊन टाकायची आणि वर ताडपत्री बांधायची. एवढंच काम. पण एवढंच करताना माणसाचा पिट्टा पडतो. ओढणारा कमरेतून वाकतो तो संध्याकाळी सरळ होतो. घोट्यापर्यंत खारं पाणी, पायाला चिरा, चिरेत मीठ. डोळ्यांपुढं सगळं इतकं पांढरं की घरात आल्यावर भिंत कुठली न् दार कुठलं ते कळत नाही.

या मिठावर आमचं पुढचं वर्ष चालायचं होतं. बाबांचा हात सांधेपर्यंत दुसरं काही नव्हतंच. आणि नेमके आभाळात ढग दिसायला लागले. पावसाला अजून दिवस होते खरं तर, पण ढगांना कोण सांगणार? रेडिओ म्हणाला पाऊस येणार. खाडीचं दार उघडायचं-लावायचं काम ज्यांच्याकडे, ते दारवाले आजोबा म्हणाले, उद्या नाही आला तर परवा दुपारी नक्की. मीठ भिजलं की संपलं. वाफ्यात उरतं ते नुसतं खारट पाणी, आणि ते ओंजळीत घेऊन कोणी रडलं तरी त्याचं पुन्हा मीठ होत नाही.

घरात हात किती? आई, दादा, मी आणि दादाची नवी बायको. वहिनी डोंगराकडची, शेतीवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे येऊन तिला अजून एक हंगामही पुरा झाला नव्हता. कामाला वाघीण. पण खाऱ्या पाण्यात तिचे पाय लवकर फुटायचे, आणि ती त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. संध्याकाळी पायाला तेल लावताना तेवढं तोंड वाकडं करायची, आणि आपण बघितलं की हसायची.

तर आईनं ठरवलं, माणसं बोलवायची.

आमच्या मिठाच्या आगरात माणसं बोलवायची म्हणजे तोंडानं नाही. कामाला हात कमी पडत असले की बांधावर दाताळं उभं करायचं. दांडा चिखलात रोवायचा, लोखंडी दात वर आभाळाकडे. सगळीकडे सपाट, त्यामुळे उभं दाताळं लांबून दिसतं. ज्याला दिसलं तो आपलं काम उरकून टोपली घेऊन येतो. 'ये' म्हणायचं नाही, 'आलो' म्हणायचं नाही. काम संपलं की घरच्यांनी दाताळं काढून आडवं ठेवायचं, की लोक समजतात झालं, आणि पांगतात. कोणी आलं नाही तरी का नाही आलास म्हणून विचारायचं नाही. त्याला नसेल दिसलं, असं धरायचं. माणसाला मागायला लावायचं नाही आणि दुसऱ्याला अडचणीत टाकायचं नाही, इतकी ही सोयीची पद्धत. आम्हाला तिचा केवढा अभिमान!

आणि माणसं येत असताना उभं दाताळं आडवं केलं तर? त्याचा अर्थ, परत जा, तुमचं तोंड बघायचं नाही. हे असं मागे एका घरानं भांडणातून मुद्दाम केलं होतं. त्या घराशी लोक हळूहळू पुन्हा बोलायला लागले, पण त्यांच्या वाफ्यात पाय कोणी ठेवला नाही. शेवटी ते आगर सोडून गेले.

हे सगळं वहिनीला कोणी सांगितलंच नाही. लपवलं अशातला भाग नाही. लक्षातच आलं नाही. श्वास कसा घ्यायचा ते कोण कोणाला सांगतं?

सकाळी आईनं दाताळं रोवलं आणि आम्ही वाफ्यात उतरलो. वहिनी मागून पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन येत होती. थोड्या वेळानं बांधांवरून माणसं येताना दिसली. दारवाले आजोबा आणि त्यांचा मुलगा, टोपल्या विणणारा आणि त्याची बायको, अजून दोन-तीन घरं, आणि सगळ्यांच्या पुढं काकू.

काकू म्हणजे माझी चुलती. काका गेल्यापासून ती आणि तिची सून अशा दोघीच आपलं आगर ओढतात. नाकावर माशी बसू देणार नाही अशी बाई. घरं वेगळी झाली तेव्हा तिचं आणि आईचं एका पाट्या-वरवंट्यावरून वाजलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलतात. पण आमचं दाताळं उभं राहिलं की पहिली टोपली काकूची, आणि तिचं उभं राहिलं की पहिली आमची. ते कधी चुकलं नव्हतं.

काकूच्याही पुढं तिची नात धावत होती. आताच पळायला शिकलेली, त्यामुळे चालणं तिला मान्यच नव्हतं. बांध ओला. पोर थेट दाताळ्याकडे येत होती.

मी वाफ्यातून बघत होते. वहिनीनं कळशी खाली ठेवली, लगबगीनं गेली, दाताळं उपसून काढलं आणि दात खाली करून बांधाच्या कडेला आडवं टाकलं. मग पोरीला उचलून कडेवर घेतलं, तिच्या नाकाचा शेंडा पुसला आणि येणाऱ्या माणसांकडे बघून छान हसली.

माणसं उभी राहिली. काकू सगळ्यांच्या पुढं होती, त्यामुळे तिचं तोंड मला नीट दिसलं. तोंडात मारल्यासारखी झाली ती. पुढं आली, वहिनीच्या कडेवरून नात काढून घेतली आणि वळली. मग सगळेच वळले. टोपल्या डोक्यावरून खाली काखेत गेल्या, एवढाच फरक.

"कुठं चालले सगळे?" वहिनीनं मला विचारलं. "काही विसरले का?"

आई वाफ्याच्या मधोमध उभी होती. हातातलं दाताळं तिनं पाण्यात तसंच सोडून दिलं.

आईनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती वाकून पाण्यातलं दाताळं चाचपायला लागली. बांधावर बसलेल्या बाबांनीच, प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून, वहिनीला काय झालं ते सांगितलं. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण आमच्याकडे दात वर करून दाताळं कधीच ठेवत नाहीत," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या बहिणीचा गाल फाटला होता अशानं. पोर पळत येत होती, आई. मी म्हटलं, पडली तर..."

"बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले.

"बरोबर असून काय उपयोग?" दादा म्हणाला. तो वहिनीवर चिडला नव्हता, स्वतःवर चिडला होता. "मी एकदा सांगितलं असतं तर काय जीभ झिजली असती?"

"मग पुन्हा उभं करूया," वहिनी म्हणाली.

आई पहिल्यांदा बोलली. "एकदा पडलेलं त्या हंगामात पुन्हा उभं करत नाहीत."

"मग मी जाऊन सांगते त्यांना."

"काय सांगणार? कारणं सांगत फिरायची पद्धत नाही आपल्यात."

"मग कारण नाही सांगत. नुसतं विचारते, उद्या याल का म्हणून."

"विचारतात का कधी कोणी!" आई म्हणाली.

"का नाही विचारत?"

आईनं दादाकडे बघितलं. दादानं माझ्याकडे. मी बाबांकडे. शेवटी बाबा म्हणाले, "विचारत नाहीत, कारण... विचारत नाहीत." आणि त्यांनी आभाळाकडे बघितलं. तिकडे ढगांनी आपली बैठक पक्की केली होती.

तो दिवस आम्ही चौघं राबलो. जेवायलाही वर आलो नाही. बाबांनी डाव्या हातानं टोपली उचलायचा प्रयत्न केला आणि आईनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी टोपली होती तिथंच ठेवली. दादाच्या तळहाताची कातडी सोलवटली, त्याला फडकं गुंडाळून तो ओढत राहिला. मी आणि वहिनी वाहत होतो. टोपलीतून खारं पाणी गळायचं, मानेवरून पाठीत जायचं, वाळलं की अंग खाजायचं. बोलायला कोणाला त्राण नव्हतं. संध्याकाळ होत आली तेव्हा मी मागे वळून बघितलं. एवढं सगळं करून एक कोपरा रिकामा झाला होता. बाकी सगळं पांढरं तसंच पसरलेलं. मला रडायलाच आलं, पण डोळे आधीच इतके चुरचुरत होते की कोणाला कळलं नाही.

घरी आल्यावर वहिनीनं पाय धुतले, कोरडे केले, चपला घातल्या.

"कुठं निघालीस?" दादानं विचारलं.

"विचारायला."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई पाठमोरी बसून भांडी घासत होती. तिनं हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही, फक्त भांडी जरा जोरात आपटली. मी चपला घातल्या आणि वहिनीच्या मागे निघाले. एकतर तिला घरं नीट माहीत नव्हती. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, हे कसं होतं ते मला बघायचंच होतं.

पहिलं घर दारवाल्या आजोबांचं. ते अंगणात बसून दोरी वळत होते.

"आजोबा, सकाळी दाताळं मी पाडलं," वहिनी म्हणाली. "मला तुमची रीत माहीत नव्हती. उद्या आमचं मीठ ओढायला याल का?"

आजोबांच्या हातातली दोरी सुटून उलगडत गेली. एवढ्या वयात त्यांना कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

"बस," ते म्हणाले.

"बसत नाही, अजून घरं करायचीत. याल का?"

"पाणी घे."

वहिनीनं पाणी घेतलं, सगळं प्यायली, पेला खाली ठेवला. "याल?"

आजोबांनी मुलाकडे बघितलं. मुलानं भिंतीकडे बघितलं. "उद्या भरती... दाराकडे जरा बघावं लागेल," आजोबा म्हणाले.

"म्हणजे नाही का?"

"नाही असं कुठं म्हणालो मी?" आजोबा दचकलेच.

"मग हो?"

"हो असंही..." आजोबांनी घाम पुसला आणि आत ओरडून सांगितलं, "अगं, हिला अजून पाणी आण."

टोपल्या विणणाऱ्याकडे तेच. वहिनीनं विचारलं आणि त्याची बायको काहीतरी उतू जातंय म्हणून आत गेली ती बाहेरच आली नाही. तो बिचारा एकटा सापडला. त्यानं आम्हाला नव्या टोपल्या दाखवल्या, जुन्या दाखवल्या, बांबू हल्ली कसा चांगला मिळत नाही ते सांगितलं. वहिनी सगळं ऐकून घ्यायची आणि मग पुन्हा म्हणायची, "पण याल का?" प्रत्येक घरात पाणी. शेवटी चालताना आमच्या दोघींच्या पोटात पाणी डुचमळत होतं.

काकूचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ती उंबऱ्यावर बसून टाचांना तेल चोळत होती. तिनं आम्हाला बस म्हटलं नाही.

"दाताळं का पाडलंस?" तिनंच विचारलं.

"तुमची नात पळत येत होती. दात वर होते. आमच्याकडे असं ठेवत नाहीत."

काकूनं नातीकडे बघितलं. पोर दारात बसून डब्याच्या झाकणात माती भरत होती. काकूचा टाचेवरचा हात सावकाश झाला. पण ती इतक्यात ऐकणारी नव्हती.

"असेल. पण पडलं ते पडलं. सगळ्यांच्या देखत पडलं."

"हो. म्हणून पुन्हा उभं करत नाही. तोंडानं विचारते. उद्या याल का, काकू?"

काकूनं नाही म्हणायला तोंड उघडलं. मी तिला लहानपणापासून ओळखते, तिच्या जिभेवर काय आहे ते मला दिसतं. ओठ हलले. पुन्हा हलले. समोर ही पोरगी उभी, पाय फुटलेले, सरळ डोळ्यांत बघतेय. काकूच्या तोंडून तो शब्द काही बाहेर येईना. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"पाणी घेणार का?" काकू म्हणाली.

मला हसू आवरेना. मी खोकल्यासारखं केलं आणि लांब जाऊन उभी राहिले.

परत येताना वहिनीचा चेहरा उजळला होता. "येतील सगळे."

"अगं वहिनी, हो कोण म्हणालं?"

"नाही तरी कोण म्हणालं?"

"आमच्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत."

वहिनी रस्त्यातच थांबली. "कधीच?"

"विचारतच नाही कोणी, मग नाही कशाला म्हणायला लागतं?"

"म्हणजे त्यांना यायचं नसलं तरी..." ती विचारात पडली. "आमच्याकडे सरळ सांगतात गं. शेजाऱ्याकडे बैल मागितला, तो म्हणाला नाही देत. दुसऱ्या दिवशी त्यानं शिडी मागितली, आम्ही म्हटलं नाही, आम्हालाच हवीय. मग दोघं एकत्र बाजाराला गेले. राग कसला त्यात?"

तोंडावर नाही! मला तिच्या गावाची जरा भीतीच वाटली.

घरी आईनं विचारलं नाही, पण कान टवकारून बसली होती. मी सगळं सांगितलं. बाबा आजोबांचं ऐकून इतके हसले की हात दुखला. आई हसली नाही. "पाणी पाजून बोळवण केली," ती म्हणाली. "उद्या कोणी येत नाही."

सकाळी आभाळ इतकं खाली आलं होतं की काठीनं डिवचावं. वारा पडलेला, उकाडा. आम्ही वाफ्यात उतरलो. बांधावर दाताळं नव्हतं. जिथं ते रोवलं होतं तिथं चिखलात तेवढं भोक राहिलं होतं. आई त्याच्याकडे बघायचं टाळत होती. बांधांवर कोणी नव्हतं. वहिनी दर टोपलीला मान वर करून बघायची, आणि दर वेळी मला तिचं वाईट वाटायचं.

मग दारवाल्या आजोबांचा मुलगा आला. आमच्याकडे न बघता बांधावरून चालत गेला, थांबला, बांध पायानं दाबून बघितला.

"पाणी पाझरतंय का बघायला आलो होतो," तो म्हणाला.

"नाही पाझरत," दादा म्हणाला.

"हं," तो म्हणाला आणि खाली पडलेली टोपली उचलून भरायला लागला.

मागून आजोबा आले, मुलगा कुठं गेला ते बघायला. टोपल्या विणणारा आला, त्याची एक टोपली आमच्याकडे राहिली होती म्हणे. आमच्याकडे कसली राहतेय? पण त्यानं एक उचलली, उलटीसुलटी केली, हीच ती म्हणाला आणि मीठ भरलं. त्याची बायको नवऱ्याला जेवायला बोलवायला आली. सकाळी सकाळी जेवण! एकेक जण असा कुठल्या ना कुठल्या निमित्तानं आला आणि वाफ्यात उतरला. तोंडी बोलावण्याला कसं यायचं हेही कोणाला ठाऊक नव्हतं ना. मला इतकं हलकं वाटलं की ओल्या मिठाची टोपली डोक्यावर आहे हेसुद्धा मी विसरले.

काकू सगळ्यांच्या शेवटी आली. सुनेला घेऊन आली, स्वतःचं दाताळं घेऊन आली आणि निमित्त काहीच सांगितलं नाही. सरळ वहिनीजवळ गेली.

"अशानं कंबर मोडेल. दांडा पोटाशी धर. हात नाही ओढायचा, अंग मागे न्यायचं. हे बघ."

वहिनीनं बघितलं. "असं?"

"तसं नाही. असं."

मग कामाला जो वेग आला तो काही विचारू नका. पुरुष ओढत होते, बायका भरत होत्या, आजोबा राशीवर उभे राहून उतार नीट करत होते, आणि बाबा बांधावरून डाव्या हातानं सगळ्यांना सूचना देत होते, ज्या कोणीही ऐकत नव्हतं. दुपार झाली तरी कोणी वर आलं नाही. पहिला गार वारा आला तेव्हा शेवटचा वाफा निम्मा होता. लोक पळायला लागले. टोपली टाकायची, पळत यायचं, भरलेली उचलायची. टोपल्या विणणाऱ्याची बायको घसरून बसकण मारून पडली आणि बसल्या बसल्याच ओंजळीनं मीठ भरायला लागली. शेवटची टोपली दादानं टाकली, चौघांनी ताडपत्री ओढली, कडेनं दगड ठेवले, दोऱ्या आवळल्या. आणि मग टपटप थेंब पडायला लागले, ताडपत्रीवर तडतड वाजायला लागले.

वाचलं. सगळं वाचलं. बाबा म्हणाले, "वाचलं गं," आणि आईनं राशीच्या ताडपत्रीवर हात ठेवला आणि नुसती उभी राहिली. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. पाऊस होता की काय होतं, मी विचारलं नाही.

काम झालं होतं. पण कोणी जाईना.

सगळे राशीभोवती तसेच उभे. थेंब अंगावर घेत. एकदा आईकडे बघायचे, एकदा खाली. मला आधी कळेना काय झालंय. मग कळलं. दाताळं उभंच नव्हतं, तर आडवं काय करणार? झालं, सुटलात, हे सांगायला काहीच नव्हतं. आणि सांगितल्याशिवाय निघून जाणं म्हणजे काम अर्धवट टाकून गेल्यासारखं. आईलाही कळलं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मात हे शब्दांत सांगायची वेळ आली नव्हती तिच्यावर.

वहिनी आईच्या कानाशी म्हणाली, "आई, सांगा ना. झालं म्हणा."

"झालं," आई म्हणाली. आवाज इतका बारीक की तिचं तिलाच ऐकू गेलं असेल. मग तिनं घसा खाकरला. "झालं सगळं. तुम्ही... आलात म्हणून झालं. जा आता घरी, भिजू नका."

लोक हलले. आजोबांनी सुस्कारा सोडला. टोपल्या उचलल्या गेल्या. काकू मात्र तिथंच उभी. तिची सून तिच्याकडे बघत होती, आणि ती आपल्या पायांकडे.

"काय गं?" आईनं विचारलं.

काकू काहीतरी पुटपुटली.

"काय?"

"माझा एक वाफा राहिलाय," काकू म्हणाली. "कडेचा. काल आम्ही दोघींनी बाकीचे ओढले. तो आज ओढणार होतो."

तिचं सगळं मीठ वर निघालंय असंच आम्ही धरून चाललो होतो. सकाळपासून ती आमच्या वाफ्यात वाकली होती, आणि तिकडे तिचा वाफा तसाच पडला होता, पाऊस डोक्यावर.

"काकू!" वहिनी जवळजवळ ओरडलीच. "मग काल नाही म्हणायचं होतंत ना!"

"तोंडावर?" काकूनं तिच्याकडे असं बघितलं, जणू हिला एवढंही कसं कळत नाही. "दारात आलेल्या माणसाला?"

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिच्याआधी आई हलली. माझी आई, जिला सकाळपासून कंबर सरळ करता येत नव्हती, तिनं राशीजवळची टोपली उचलली, दुसरी काखेत मारली आणि बांधावरून काकूच्या आगराकडे चालायला लागली. चालायला कसली, पळायलाच लागली. दादानं दाताळी उचलली. आजोबांचा मुलगा परत फिरला, टोपल्या विणणारा परत फिरला. पाऊस अजून टपटपच होता, जोर धरला नव्हता. एवढ्या माणसांना एक वाफा म्हणजे किती वेळ?

काकू आईच्या मागे धावत होती. "अहो जाऊबाई, हळू! पडाल!"

"मग आधी बोलायचं नाही का, बाई?" आई मागे न बघता ओरडली. "इतका वेळ तोंड शिवलं होतं का तुझं?"

"बोलायचं असतं हे कालच कळलं ना मला!" काकू ओरडली.

आणि त्या दोघी, एका पाट्यावरून इतकी वर्षं कामापुरतंच बोललेल्या, एकमेकींवर ओरडत, हसत, पावसातून पुढं पळत होत्या, आणि आम्ही सगळे टोपल्या घेऊन त्यांच्या मागे.